दात काढणं सरकारी, बसवणं घरचं

अण्णांचे वरचे सगळे दात सरकारी दवाखान्यात निघाले, आणि कवळी सरकार देत नाही हे आम्हाला त्यानंतर कळलं. सगळी हकीकत या एका वाक्यात आली. पण ते वाक्य मला अजून नीट गिळता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला त्या सुमाराची गोष्ट. मी उज्जैनला मुलींच्या सरकारी शाळेत शिकवत होते. आई गेलेली. घरात वडील, म्हणजे अण्णा, धाकटी बहीण आणि मी. अण्णांचा सगळा जन्म ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत गेला होता, त्यांच्या वडिलांचाही. आता माझ्या नोकरीमुळे त्यांचा इलाज सरकारी होता. तो कुठवर सरकारी होता, ते मला ठाऊक नव्हतं. हिरड्या सडल्यात, वरचे दात काढावे लागतील, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी आधी हापिसात विचारून येते म्हटलं. अण्णांनी मला अडवलं.

"देणाऱ्याला किती देणार विचारायचं म्हणजे त्याचा हात धरायचा," ते म्हणाले. "आपल्या घरात ही रीत नाही."

रीत अशी होती की अडचण वरिष्ठांच्या कानावर घालायची, मुजरा करायचा आणि घरी येऊन स्वस्थ बसायचं. पुढचं दरबार पाहील. एकदा टांगा उलटून अण्णांचा पाय मोडला होता. दरबारच्या डॉक्टरांनी हाड तर बसवलंच, वर काही दिवसांनी चांदीच्या मुठीची काठी न मागता घरी आली. ती काठी दाराशी उभी असायची, आणि अण्णांच्या सगळ्या युक्तिवादाला तिचाच टेकू होता. पायामागून काठी आली, तशी दातांमागून कवळी येईल. याहून जास्त त्यांना विचार करावासा वाटला नाही, आणि मलाही त्यांनी करू दिला नाही.

त्यातून बहिणीचं लग्न ठरलेलं. आमच्या घराण्यात मुलींच्या लग्नाची मंगलाष्टकं अण्णा स्वतः रचून स्वतः म्हणत. शार्दूलविक्रीडितात दोन्हीकडची कुलदैवतं, आजे-पणजे सगळे गुंफायचे आणि मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणायचं. बहिणीची मंगलाष्टकं तर त्यांनी ती परकरात असतानाच रचून ठेवली होती, नवऱ्याच्या नावापुरती जागा मोकळी ठेवून. आता नाव मिळालं होतं, वृत्तातही बसलं होतं, आणि दात गेले होते.

तोंड जरा बरं झाल्यावर त्यांनी एक कडवं म्हणून पाहिलं. 'स'चा नुसता वारा येत होता, 'त' कुठे टेकतच नव्हता. बहीण आधी हसली आणि मग आत जाऊन रडली. अण्णांनी कागदाची घडी घातली. भटजी म्हणतील, ते त्याचसाठी असतात, असं काहीतरी ते पुटपुटले. त्यांचा तो पडलेला चेहरा मला सहन झाला नाही. या लग्नात अण्णाच म्हणतील, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

दवाखान्यात गेले. डॉक्टर सज्जन होते. कवळी इथे मिळत नाही, तुमचं खातं देतं की नाही मला माहीत नाही, माझं काम दात काढायचं, असं ते म्हणाले. हापिसातले बडे बाबूही सज्जनच होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बहनजी, नियम छपा हुआ है. समझना कर्मचारी का काम है."

छापलेला नियम दाखवा म्हटलं, तर तो गठ्ठ्यात. गठ्ठा ग्वाल्हेरला राहिला की इंदूरला अडकला की भोपाळला पोचला, हे कोणालाच सांगता येईना. राज्य बदललं तसे कागदही बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत होते. शेवटी बाबूंनी आठवणीतून सांगितलं, "दाँत निकालना इलाज है. दाँत लगवाना शौक़ है."

"तो रोटी चबाना भी शौक़ हुआ?" मी विचारलं.

त्यांनी चहा मागवला. मी तो प्यायले नाही. तिथेच बसून अर्ज लिहिला आणि त्यात दोन गोष्टी विचारल्या. कवळी मिळणार का, आणि मिळणार नसेल तर दात काढायच्या आधी हे आम्हाला कोणी सांगायचं होतं. बाबू म्हणाले, अर्ज ठीक आहे, पण मंजुरीच्या आधी बाहेर कवळी करून घेतली तर मग काहीच मिळणार नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब. लग्न थोडंच थांबणार होतं?

हिरड्या भरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की कवळी बाहेर करायची तर माप आता द्या, नाहीतर लग्नाआधी होणार नाही. अण्णा ऐकेनात. सरकार देईल तेव्हा बसवू, उगाच पदरमोड कशाला, हाच हेका. मला राग येत होता आणि दयाही येत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? तरी मी बोलले.

"अण्णा, काठी देणारं सरकार गेलं. आता विचारावं लागतं. मी विचारलंय आणि उत्तर येईल तेव्हा येईल. पण मंगलाष्टकं तुम्हीच म्हणायची आहेत."

 अण्णा उठले, काठी घेतली आणि खाली जाऊन टांग्यात बसले. रागावून निघाले की काय, म्हणून मी मागे धावले, तर ते टांगेवाल्याला सांगत होते, "फ्रीगंज चलो, टावर के पास. दाँतवाले डॉक्टर के यहाँ."

लग्नात अण्णांनी मंगलाष्टकं म्हटली. कवळी नवी होती, मध्ये मध्ये खट्कन वाजायची, पण एक अक्षर पडलं नाही. अंतरपाटाच्या अलीकडे बहीण मान खाली घालून उभी होती आणि माझ्या मुठीतल्या अक्षता घामाने ओल्या झाल्या होत्या. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

अर्जाचं उत्तर बहिणीच्या पहिल्या दिवाळसणानंतर आलं. कवळी मिळणार नाही. नियमांची मर्यादा समजून घेण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची राहील. पहिलं वाक्य मी मान्य केलं. दुसरं आजही अर्धंच मान्य आहे. ज्याच्या हातात चिमटा, त्यानेही दात ओढण्याआधी एक शब्द बोलावा, एवढी माणुसकी कुठल्या नियमात बसत नसेल तर तो नियम अपुरा आहे. पण मी कानाला खडा लावला. तेव्हापासून जिथे जाईन तिथे आधी विचारते. शाळेतल्या बायका मला चिकित्सक म्हणायच्या आणि आपल्या घरी आजारपण आलं की माझ्याकडेच यायच्या.

पुढे काही वर्षांनी अण्णांना मोतीबिंदू झाला. मी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, ऑपरेशन करू म्हणाले आणि त्यांना बाकावर बसायला सांगितलं. अण्णा बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात टेकून उभेच राहिले आणि मांडवात म्हणावं तशा खड्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहब, पहले ये बताइए, मोतियाबिंद तो सरकार निकालेगी, चश्मा कौन देगा?"

ते मी आदल्याच दिवशी विचारून आले होते. पण बोलले नाही. डॉक्टर काय सांगतात ते त्यांच्या शेजारी उभी राहून ऐकलं.