निळी बादली, लाल बादली

कासवांच्या आवारात त्यांना सगळे साबणकाका म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तृत्वाने कमावलं होतं. आत येणारा कोणी असो, कासवांची डॉक्टरीण असो नाहीतर नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर, काका दाराशी साबण घेऊन उभे. आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मग बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायचे, मगच पुढचं पाऊल. घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणायची, "लग्नात माझा हात धरण्याआधी हे विचारणारच होते, धुतलाय ना म्हणून. चारचौघांत धीर झाला नाही, इतकंच."

रानातली कासवं कमी होत चाललेली. ती इथे सांभाळायची, त्यांची पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की रानात सोडायची, हे या आवाराचं काम. जुन्या कळपात अकरा कासवं होती. त्यात थोरली सगळ्यांत वयस्कर, आणि नर एकटाच. चार वर्षं झाली, या नराने एकाही मादीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. खायचा, उन्हात पसरायचा आणि कोणी उचललं की रुसायचा, म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणत. चार वर्षांत आवारात एक पिल्लू जन्मलं नव्हतं.

नवीन कासव आलं की सहा महिने मागच्या खोलीत वेगळं ठेवायचं, हा नियम काकांनीच घातलेला. दिसायला धडधाकट कासवही आजार अंगात घेऊन फिरतं आणि महिनोन्महिने त्याचा पत्ता लागू देत नाही. जुन्या कळपाची बादली निळी, मागच्या खोलीची लाल. सकाळी आधी जुन्यांचं काम उरकायचं, मग नव्यांचं, उलटं कधीच नाही. भिंतीवर हे सगळं काकांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि कोणी वाचलं नाही असं वाटलं तर काका ते मोठ्याने वाचूनही दाखवत.

अशात दोन माद्या आल्या. एका बंद पडलेल्या प्राणिसंग्रहालयातून आलेल्या, तुकतुकीत पाठीच्या. आवारात त्यांचं नाव पडलं पाहुण्या. काकांनी त्यांना मागच्या खोलीत नेलं, वजन घेतलं, वहीत तारीख लिहिली आणि बोटांवर महिने मोजले. सहा महिने. आणि काकांच्या निवृत्तीला उरले होते चार. म्हणजे पाहुण्या कळपात जातील तेव्हा काका घरी पेपर वाचत बसलेले असणार. बावीस वर्षं इथे काढली आणि जाताना आवारात एक पिल्लू नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

चाळिसाव्या दिवशी दुपारी आवारात कोणी नव्हतं. डॉक्टरीण परगावी, झाडलोट करणाऱ्या मावशी बँकेत गेलेल्या. काकांनी मोठ्या पाहुणीचं नाक पाहिलं. कोरडं, स्वच्छ. डोळे टपोरे. "अर्ध्या तासात काय होतंय," असं ते स्वतःशीच म्हणाले. हेच वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारलं असतं तर काकांनी त्याला तासभर उभं करून झापलं असतं. त्यांनी तिला उचललं आणि जुन्या कळपात नेऊन ठेवलं.

आणि जावईबापू उठले! चार वर्षांचा आळस झटकून तुरुतुरु तिच्याकडे गेले, नाकाला नाक लावलं, मान डोलावली. थोरलीही चौकशीला आली आणि पाहुणीचं तोंड हुंगून गेली. काका टाळ्या पिटायचेच बाकी होते. अर्ध्या तासाने त्यांनी पाहुणीला परत खोलीत ठेवलं, स्वतःचे हात तीनदा धुतले आणि वहीत काही लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी थोरलीच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. काका हातातलं टाकून धावले. मागच्या खोलीत जाऊन पाहिलं तर मोठ्या पाहुणीच्या नाकालाही तेच. त्यांना जे कळायचं ते तिथेच कळलं.

डॉक्टरीण धावत आली. थोरलीला वेगळं काढलं, नमुने घेतले आणि सगळ्यांना ओट्याजवळ उभं केलं. "मागच्या खोलीतला आजार पुढे आला कसा? बादल्यांची अदलाबदल झाली का, मावशी?"

मावशी गोंधळल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडून एकदा चुकून लाल बादली पुढे आली होती, आणि ते त्यांनी स्वतःहून येऊन सांगितलं होतं. कोणी पाहिलंही नव्हतं तेव्हा. "मला तर आठवत नाही, मॅडम," त्या म्हणाल्या, "पण झाली असेल. मागे एकदा झालीच होती ना."

बोलायची वेळ हीच होती. काकांची जीभ टाळ्याला चिकटली, असं निदान म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण खोटं कशाला सांगा, जीभ चांगली हलली. काका म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, मावशींनी मुद्दाम थोडंच केलंय?"

मावशींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू जगात आपली बाजू घेणारं एक तरी माणूस आहे. ती नजर काकांना रात्रंदिवस टोचत राहिली.

डॉक्टरीण मावशींना फार बोलली नाही. एवढंच ठरवलं, की यापुढे बादली आत नेण्याआधी मावशींनी ती काकांना दाखवायची. सकाळ-संध्याकाळ मावशी बादली घेऊन काकांपुढे उभ्या राहायच्या. "काका, निळीच ना ही?" काका म्हणायचे, "हो, निळीच." वीस वर्षं त्या बादल्या धुणारी बाई, आणि तिला रंग सांगायचा कोणी, तर यांनी. दुपारी मावशी नेहमीसारख्या काकांच्या डब्याच्या झाकणावर आपली भाजी वाढायच्या. काका मान खाली घालून खायचे. नको म्हणावं तर मावशी विचारणार, काय झालं. म्हणून खायचे.

बायकोने विचारलं, "तोंड का असं उतरलंय?" काका म्हणाले, निवृत्तीचं वाईट वाटतंय. तिने बिचारीने खरं मानलं.

महिनाभरात जावईबापूंचं नाक वाहायला लागलं. मग त्यांच्याभोवती चरणाऱ्या दोघींचं, मग आणखी तिघींचं. त्याच आठवड्यात मावशी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेल्या आणि परत आल्या त्या हसत नव्हत्या. "डोळे तपासून आले, काका. म्हटलं रंग ओळखू येत नसतील. डॉक्टर म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत." थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणजे डोक्यातच काहीतरी बिघडलंय माझ्या. पोरीला नाही सांगितलं अजून."

 लाज म्हणजे काय हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. ते तसेच डॉक्टरणीच्या खोलीत गेले आणि दारातच सगळं सांगून मोकळे झाले. पाहुणी, अर्धा तास, नाकाला नाक, कोरी सोडलेली वही.

डॉक्टरणीने वही ओढून ते कोरं पान पाहिलं. मग म्हणाली, "थोरली आजारी पडली त्या दिवशी का नाही सांगितलंत? मी थोरलीबरोबर नरालाही बाहेर काढलं असतं. बाकीच्या कदाचित वाचल्या असत्या. मी महिनाभर बादल्या उकळत बसले, काका, आणि तो त्यांच्यात फिरत होता."

हे काकांच्या ध्यानीमनी नव्हतं. चूक झाली ती अर्ध्या तासाची, असंच ते धरून चालले होते.

"बरं झालं तरी आजार अंगात राहतोच. आता या कळपातलं एकही कासव रानात जाणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "आणि नवीन कासव यात घालता येणार नाही. जगतील तितकी जगतील. काय कारवाई व्हायची ती वरून होईल. मावशींना मात्र मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

दुपारी मावशींनी डबा उघडला. काकांनी आपलं झाकण पुढे केलं नाही. मान वर न करता त्यांनी सगळं सांगितलं, डॉक्टरणीला सांगितलं त्याहून जास्त, अगदी "मुद्दाम थोडंच केलंय" हे आपण का म्हणालो तेही.

मावशींच्या हातातला चमचा तसाच राहिला. "म्हणजे माझी बादली बरोबर होती?"

"बरोबर होती."

"रोज?"

"रोज. माझंच चुकलं, मावशी. मला माफ करा."

माफीचं मावशींनी ऐकलंच नाही बहुतेक. डोळे पुसले, पुन्हा भरून आले तसे पुन्हा पुसले. मग त्यांनी काकांकडे नीट पाहिलं. रागाने नाही, खरोखरच न समजल्यासारखं.

"मग इतके दिवस माझ्या डब्यातलं कसं हो खाल्लंत तुम्ही?"

 मावशींनी डबा झाकला, हात कोपरापर्यंत धुतले, बूट बुडवले. निळी बादली उचलली आणि काकांना न दाखवता आत घेऊन गेल्या.