वहिनींना मशीन दाखवायचं होतं

"चाकणला त्या दिवशी कस्टमर ऑडिट आहे. बाहेरचं कुणी आत येणार नाही," प्लँट हेड म्हणाले.

"बाहेरचं नाही सर. साळवेंच्या मिसेस आहेत."

"म्हणजे बाहेरच्याच की!"

मी पिंपरीतल्या एका कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर आहे. सरकारी मराठीत कल्याण अधिकारी. कल्याण म्हणजे काय, हे मला नेमताना कुणी सांगितलं नाही. कँटीन आणि पाळणाघर मात्र दाखवलं.

आमच्याकडे रिटायर होणाऱ्याच्या घरच्यांना शेवटच्या दिवशी शॉपफ्लोअरवर नेतात. एरवी सेफ्टीमुळे बंदी. त्या दिवशी ते त्याचं मशीन बघतात, त्याला हार घालतात. साळवे हॉबिंग मशीनवर होते, म्हणजे गिअरचे दात कापायच्या. तीसेक वर्षं तेच काम. पण दोन महिन्यांपूर्वी त्यांची लाइन चाकणच्या प्लँटला हलली, आणि आता थोडेच दिवस राहिले म्हणून त्यांना इथंच पॅकिंगला बसवलं.

"ऑडिट झाल्यावर नेऊ?"

"तोवर ते एम्प्लॉयी नसतील. मग दोघंही बाहेरचे." त्यांनी आवाज जरा मऊ केला. "अहो, माणूस तीस वर्षं मजेत होता. शेवटच्या दोन महिन्यांनी काय बिघडतं? ॲव्हरेज बघा."

हा विचार त्यांचा एकट्याचा नाही. तत्त्वज्ञांचा एक पंथ हेच म्हणतो: आयुष्यातले बरे क्षण मिळवा, वाईट वजा करा, उरेल ते सुख. दुसरा पंथ म्हणतो, क्रमही बघा. तेच क्षण चढत गेले तर एक आयुष्य, उतरत गेले तर दुसरं. मी दुसऱ्या पंथाचा. पण हे बोललो असतो तर मला स्ट्रेस मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगला पाठवलं असतं.

समारंभ दणक्यात झाला. फुगे, शाल, बॅनर. हेड ऑफिसच्या साहेबांनी साळवेंना एका दमात कणा, आधारस्तंभ आणि दीपस्तंभ म्हटलं. मग साळवेवहिनी हार घेऊन उठल्या.

"अहो, मशीन कुठाय?"

साळवेंनी घरी सांगितलंच नव्हतं. ते त्यांना शेडच्या कोपऱ्यात घेऊन गेले. मी मागे. तिथं फरशीवर नवा हिरवा रंग होता आणि जमिनीलगत कापलेले चार बोल्ट.

"इथं होतं. चाकणला नेलं."

"कधी?"

"झाले दोन महिने."

"मग डबा घेऊन कुठं जात होता?"

"पॅकिंगला."

"आणि मला बोलला नाहीत?"

"हे वेल्फेअरचे साहेब म्हणाले होते, चाकणला नेऊन दाखवू. म्हटलं, तेव्हाच सांगू."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग परवडला असता. वहिनींनी हार पिशवीत घातला आणि रिक्षा कुठं मिळेल विचारलं.

आता लाइन हलवायची नोटीस लागली की रिटायरमेंटला आलेल्यांच्या घरच्यांना मी आधीच बोलावून मशीन दाखवतो. फुगे नसतात, भाषण नसतं. प्लँट हेडनी त्याला 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हटलं आहे. पद्धत सोपी आहे. फक्त साळवेंच्या आधी सुचायला हवी होती.