तलावाचा ठराव मंजूर झाला तो दिवस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

आधी माझ्या आवाजाबद्दल सांगू द्या. आमगावच्या आसपास दंडारीचा खेळ असो की नाटक, माईकवर मीच. मी बोललो की मागे पेंगणारा म्हाताराही सरसावून बसतो. मला त्याचा गर्व आहे. गर्वच — नम्रपणाचं सोंग कशाला आणू?

म्हणून सरपंचांनी ग्रामसभेचा माईकही माझ्याकडे दिला. सीमेवर तेव्हा गोळीबार सुरू होता, गावात रोज मिरवणूक निघायची. सरपंच स्वतःबद्दल म्हणायचे, मी म्हणजेच गाव. जो प्रश्न विचारील तो शत्रूच्या बाजूचा. लोकांना हे आवडायचं. आणि मला? — मला तर फारच.

त्या सभेत गावतलावाचा विषय निघाला. पिढ्यान्‌पिढ्या तिथं धिवर मासे धरत आलेले. सरपंचांना तो आपल्या साळ्याला ठेक्यानं द्यायचा होता. धिवरांची रुखमाबाई उभी राहिली. तिचा एकुलता एक मुलगा फौजेत, त्याच सीमेवर.

"माईक तुमच्या हाती आहे भाऊ," ती मला म्हणाली. "आमाले बोलू काऊन नाई देऊन राहिले? हात मोजा न."

सरळ मोजले असते तर ठराव पडला असता. सरपंचांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. सांगितलं काहीच नाही — युक्ती माझी, सगळी माझी. मी म्हटलं, आधी आपल्या जवानांचा जयजयकार, हात वर करून. सारी सभा गरजली. हात वर असतानाच मी एका दमात ठराव वाचला, हात मोजले आणि मंजूर म्हणून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. काय आवाज लागला होता त्या दिवशी! त्याचा अभिमान अजून जात नाही — हेही कबूलच करतो.

तेव्हापासून आमच्याकडे ठराव असेच होतात. मोजा म्हणायला कुणी उठत नाही. धिवरवस्तीतली माणसं नागपूरला बांधकामावर गेली. रुखमाबाई मासे विकत आणते.

एक राहिलं. त्या जयजयकाराला तिचाही हात वर होता. मुलाच्या नावानं, डोळे मिटून.

तो हातही मी ठरावाच्या बाजूनं मोजला.