डोंगरावर रचलेलं घर

"झाडांना पाणी घालायला किल्ली दिली म्हणे! झाडं कोणती? एक कढीपत्ता, तोही शेजारणीनं ओरबाडलेला."

"तू चढ आधी. तोंड चालतं तेवढे पाय चालव."

"सकाळपासून पायच चालवतेय. माझ्या खोलीची किल्ली जीवरामला का दिली, ते सांगा."

भाईदास पुढे झाला. सागाच्या वाळल्या पानांवरून पाय घसरत होते, म्हणून कलाबाईनं चपला काढून हातात घेतल्या. खाली नाल्याकाठी त्यांची जुनी मॅटाडोर उभी होती. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सुटल्यावर भाईदासनं ती घेतली, आत झोपायला फळ्या ठोकल्या, स्टोव्ह बसवला, खिडक्यांना तिच्याच जुन्या साडीचे पडदे लावले. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं तिला एरंडोलच्या पुढे कुठं नेलं नव्हतं. आणि आता एकदम, "चल, सातपुडा बघू. आपल्याला कोणासाठी थांबायचंय?" पदरी मूल नाही, ह्याचा इतका गोड अर्थ त्यानं पहिल्यांदाच काढला होता. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पिंप्राळ्याचं घर कागदावर त्याचं. पण भिंती उठत होत्या तेव्हा त्यांना पाणी मारलं ते कलाबाईनं, भर वैशाखात, लांबच्या हापशावरून हंडे आणून. धाकटा दीर जीवराम, त्याची बायको ताईबाई, त्यांची दोन पोरं आणि सासू आक्काबाई मागाहून आली आणि राहिली. कलाबाईनं कोणाला जा म्हटलं नाही. फक्त आपल्या खोलीला कुलूप ठेवलं.

माथ्यावर देवीच्या ठाण्यामागं दगडांची इवली इवली घरं दाटीनं उभी होती. ज्याला घर नाही त्यानं इथं दगडावर दगड रचायचा, म्हणजे देवी घर देते. ज्याला आहे त्यानं हात लावायचा नाही; असलेलं जातं, असं बाया सांगतात. कलाबाईनं नारळ वाढवला, कुंकू लावलं आणि वळून बघितलं, तर भाईदास उकिडवा बसून दगड रचत होता. तीन मोठे, वर चपटा. दाराशी ओट्यासारखी एक कपचीसुद्धा त्यानं लावली.

"अहो, खुळ्यासारखं काय करताय? पाडा ते! आहे तेही जाईल."

त्यानं दगड पाडले नाहीत. वर आणखी एक ठेवला.

"भाईदास!" लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला नावानं हाक मारली.

"घर जीवरामच्या नावावर केलं," तो दगडांकडे बघतच म्हणाला. "मागच्या महिन्यात. आईनं जीव खाल्ला माझा. त्याला पोरं आहेत, कला. आपल्यामागं कोण आहे?"

"मी आहे ना."

त्याला ते ऐकू गेलं नसावं. "गाडी आहे की आपली," तो म्हणाला. "हिच्यात काय कमी आहे?"

ती रडली नाही. ते दगड लाथेनं उडवावेत असं एकदा मनात आलं, पण पाय उचलला नाही. कसंही असलं तरी रचलेलं घर होतं. उतरताना तिनं चपला घातल्याच नाहीत. खाली त्यानं स्टोव्ह पेटवला, चहा केला, कप तिच्यापुढे धरला. चहावर साय धरली तरी तो तसाच धरून होता.

पिंप्राळ्याला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. तिच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. तिची ट्रंक पडवीत आली होती आणि आत ताईबाईची पोरं पलंगावर उड्या मारत होती. ताईबाईनं मान खाली घालून लसूण सोलायला घेतला.

"इतक्यात परत उनात?" आक्काबाई म्हणाली. "काय व्हयनं व, कला?"

कलाबाईनं ट्रंक एकटीनं ओढत नेऊन गाडीत चढवली. मग घामाघूम होऊन उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"गाडी ह्या दारातून हलायची नाही. मी तिच्यात राहणार, एकटी. ह्यांचं अंथरूण तुमच्यात घाला. पाणी मात्र ह्याच नळाचं भरीन."