उताऱ्याच्या घरी पाहुणी

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. कोचकोर गावच्या शाळेच्या वाचनालयात शिक्षिका झूरा एजे (एजे म्हणजे ताई) लाल पेन्सिलीने सरावाची उत्तरपत्रिका तपासत होत्या. समोर आसिलकान बसली होती, अकरावीतली, घोडेवाल्यांची मुलगी. उद्या विद्यापीठ प्रवेशाची देशभर एकाच वेळी होणारी परीक्षा. गणितात पोरगी पक्की, वाचनात मात्र गुण गळत. तिथे कमी पडली तर राजधानी बिश्केकची पशुवैद्यकीची सरकारी जागा गेली, आणि फी भरून शिकणं घरच्यांना झेपणारं नव्हतं.

झूरा एजेंच्या काळी अशी परीक्षा नव्हती. तीन मास्तरांसमोर उभं राहून कविता म्हणायची, झालं. हे पर्यायांचं तंत्र त्या पन्नाशीत शिकल्या, मुलांच्याच चुका बघत. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. उत्तर ज्या ओळीत आहे तिच्यावर बोट ठेवा. ‘फक्त’ किंवा ‘कधीच’ दिसलं की पर्याय दोनदा तपासा.

“हे सातवं पुन्हा चुकलं,” त्या म्हणाल्या. “लेखकाच्या मते घोडीची धार किती वेळाने काढतात?”

“दर दोन तासांनी.”

“बोट ठेव.”

आसिलकानने बोट ठेवलं नाही. “इथे चार तास लिहिलंय, एजे. हा माणूस घोडीजवळ गेलाय तरी का कधी? लाथ बसली असती म्हणजे कळलं असतं!”

“लेखक उद्या परीक्षेला बसत नाहीये. तू बसतेयस.”

“म्हणून खोटं लिहू?”

झूरा एजेंनी पेन्सिल खाली ठेवली. आळशी मुलांना त्या रागवत. हिला रागवून उपयोग नव्हता. हिला माहीत होतं तेच हिला नडत होतं.

“कुणाकडे पाहुणी गेलीस तर घरचं मांस पिशवीत घालून नेतेस का?”

“नेऊ कशाला? येताना त्यांनी दिलेलं आणते. आई पिशवी देऊनच पाठवते.”

एजेंना हसू आलं. “मग तेच कर, गं बाई. रिकामी पिशवी घेऊन जा. त्याच्या दस्तरखानवर, जेवणाच्या चादरीवर, वाढलेलं असेल तेवढंच घरी आण. चव आवडली नाही तर बाहेर येऊन खुशाल शिव्या दे.”

आसिलकानने पुढचा उतारा ओढला. तो लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या गालिच्यांवरचा होता. वाचताना एकदा तिने नाक मुरडलं, एकदा पुटपुटली, “आमची आजी याला झोडपेल.” पण प्रत्येक उत्तराआधी तिचं बोट कुठल्या ना कुठल्या ओळीवर टेकत होतं.

एजेंनी तपासलं. लाल पेन्सिल कुठेच लागली नाही.

“आता शिव्या देऊ?”

“दे.”

पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत ती देत होती, आणि एजे चहा पीत ऐकत होत्या.

उद्या आठ वाजता शाळेचं फाटक उघडेल. नऊला परीक्षा सुरू होईल. वाचनाचा भाग गणितानंतर.