फ्रॉड, चीटर आणि एक सज्जन

भाचीला हातकणंगल्याचं स्थळ आलं. मुलगा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर. धाकट्या बहिणीनं मला चौकशीला धाडलं. "दादा, त्यांना आजच होय-नाही कळवायचंय. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, पाल्हाळ लावू नको."

मला पाल्हाळ लावू नको म्हणणं म्हणजे म्हशीला पाण्यात शिरू नको म्हणणं. तरी गेलो.

आमच्याकडे खरी चौकशी मुलाच्या घरी होत नाही, चहाच्या गाड्यावर होते. मी एक चहा सांगितला आणि सहज विचारल्यासारखं मुलाचं नाव काढलं.

"त्यो व्हय?" चहावाला ओरडला. "एक नंबर फ्रॉड हाय की, पावणं!"

बाकावरचे दोघे खिदळले. माझा चहा बशीत सांडला.

"फ्रॉड म्हणजे?"

"फ्रॉड म्हंजे फ्रॉड! माझी आई दवाखान्यात हुती तवा तीन दिस उशाला बसला. म्हणला, कंपनीला सुट्टी हाय. कसली सुट्टी! खाडा पडला गड्याचा."

"चीटर बी हाय," बाकावरचा जाडा म्हणाला. "माझ्या म्हाताऱ्यासंगं कॅरम खेळतोय आणि मुद्दाम हरतोय."

"आणि इडियट," त्याच्या शेजारचा म्हणाला. "बिबट्या आला म्हणून बोंबलला. आख्खी गल्ली दारं लावून बसली. निघालं कुत्रं!"

आता मी काय समजायचं? कोल्हापुरात मी स्वतः जन्मभर बोगस, लोफर, डँबिस अशा पदव्या मिरवत आलोय. आमच्यात मित्राला सज्जन म्हटलं तर तो घाबरून विचारतो, "माझं काय चुकलं?" पण हे झालं स्वतःपुरतं. भाची द्यायची म्हटल्यावर तेच शब्द कानात खड्यासारखे टोचायला लागले. शिवाय तो खोटं बोलला होता, हे तर खरंच होतं. आणि बिबट्याचं काय?

तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ जवळ आले. "अत्यंत सज्जन, निर्व्यसनी आणि मितभाषी मुलगा आहे," असं एका दमात म्हणून निघून गेले. मला घामच फुटला.

"हे कोण?"

"त्याचा मामा. सकाळपास्नं तुमचीच वाट बघाय लागलाय."

मी बहिणीला फोन लावला. "लोक फ्रॉड म्हणतायत. चीटर, इडियटही म्हणतायत. मुलाचा मामा तेवढा सज्जन म्हणाला."

मग भाचीनंच फोन घेतला.

"मामा, फ्रॉड का म्हणे?"

मी दवाखान्याचं सांगितलं. सांगताना चहावाल्याचा आवाज जरा बसला होता, तेही सांगितलं.

"आणि इडियट?"

बिबट्याचं सांगितलं. ती खो खो हसली. "या म्हणावं त्यांना बघायला. मामा, आपल्या गल्लीत तुला काय म्हणतात रे?"

"बंडलबाज."

"आणि आईनं चौकशीला कुणाला पाठवलं?"

फोन बंद. हा माझा मान होता की टोमणा? मला काही कळेना. शेवटी भाचीचं बोलणं ऐकवून चहावाल्यालाच विचारलं.

त्यानं मला नीट न्याहाळलं. "पावणं, तुम्ही तर त्याच्याहून फ्रॉड दिसताय," म्हणाला, आणि न सांगता दुसरा चहा भरला.