अक्काच्या खोलीतलं फर्न

माझा धाकटा भाऊ अंटार्क्टिकाच्या तळावर वर्षभर जनरेटर सांभाळून पाचोऱ्याला परत आला. बर्फ त्याने पाहिला, पण त्याच्या गोष्टी गावभर मीच सांगतो. त्याला सांगताच येत नाहीत हो!

चैत्रातल्या एका दुपारी अक्काकडे, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीकडे, भाऊ शेजारीच असताना मी असाच रंगात आलो होतो. तिची पुढची खोली दिवाळीपासून कापसाने आढ्यापर्यंत भरलेली. ट्रॅक्टर यायचा होता, म्हणून ती खाली बसून ढिगाच्या तळातून कापूस ओढत होती आणि गाठोडी बांधत होती.

"अक्का, हेच ते फर्न!" मी हात पसरले. "तिकडे भुरभुरीत बर्फ पडतो, वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षाचा, त्यावर त्याच्या पुढचा. खालचे कण दबून एकमेकांना चिकटतात. भुरभुरीत राहत नाहीत, पण अजून काचेसारखा घट्ट बर्फही झालेला नसतो. या अधल्यामधल्या थराला फर्न म्हणतात. आतली हवा वर वाट काढत असते. आणखी खोल गेलं की वाटा बंद. हवा कायमची कोंडली!"

"हाऊ कापूस शे," अक्का म्हणाली. "तुना बरफ तुनी बायकोले सांग."

मी हसलो. भाऊ हसला नाही. कापूस खरोखरच दबून भिंतीसारखा उभा होता, आणि अक्काने ओढून ओढून त्या भिंतीच्या पोटात गुहा केली होती. तिचं डोकं, खांदे, सगळं आत.

"तिथे कधी कधी खालचा थर पोकळ होतो," भाऊ हळूच म्हणाला. "वरून काही कळत नाही. मग धप्प होतं, आणि पायाखालचं सगळं बोटभर खाली बसतं."

तेवढ्यात ढिगातून आवाज आला. मोठा नाही, कुणी उशीवर बसावं तसा. वर पाहिलं, तर आढं आणि कापूस यांच्यामध्ये फट.

"अक्का, बाहेर ये," भाऊ म्हणाला.

"एकच गाठोडं रायनं ना भो!"

भावाने तिचा हात धरला, तिने झटकला. ओढाताण केली असती तर ढिगालाच धक्का लागला असता. आयुष्यभर मारलेल्या थापांमधली सर्वांत सुरेख थाप मी तेव्हा मारली.

"अक्का! गच्चीवर बकरी! बिबड्या खाई रायनी!"

दोन दिवस राबून वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या! अक्का पदर खोचत सुटली. ती उंबरठ्यावर पोचली आणि मागे कापसाची भिंत बसली. कोसळली नाही, नुसती बसली.

अक्का जिन्यावरून तणतणत परत आली. "कठे शे बकरी, खोटारड्या?"

गुहा होती तिथे भाऊ बोटं खुपसून पाहत होता. दोन पेरांच्या पुढे जात नव्हती. अक्कानेही खुपसून पाहिली. मग ती मागे सरकली आणि शेवटच्या गाठोड्याचं फडकं तिने घडी घालून ठेवलं.